शेतातला टाकाऊ माल, त्यातून उष्णता आणि वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाणे घरात आले की मागे जे उरतं, त्याचं वजन बऱ्याच पिकांत दाण्यांइतकं किंवा त्याहून जास्त भरतं. भाताच्या एका टनामागे एक ते दीड टन पेंढा निघतो, शिवाय गिरणीत साळीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस म्हणून वेगळा होतो. हे सगळं इंधन आहे. ते वापरू पाहणारे शेतकरी, त्यांचे गट आणि छोटे कारखानदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. विजेपेक्षा उष्णतेबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि ते जाणूनबुजून.

नेमका कुठला माल चालतो?

जवळजवळ सगळा चालतो, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पेंढा, गव्हाचं काड, पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या हा शेतभर पसरलेला माल. तो कापणं, गोळा करणं, बांधणं आणि वाहून आणणं यातच मोठा खर्च होतो. तूस, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या करवंट्या हा माल गिरणीत किंवा कारखान्यात आपोआप एका जागी येतो. तिसरा गट ओल्याचा: शेण, कोंबड्यांची विष्ठा, सडका भाजीपाला, फळांचा चोथा.

पहिल्यांदाच या कामात उतरणाऱ्याने दुसऱ्या गटापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. गोळा करण्याचं काम तिथे आधीच झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा उष्णतेची गरजही त्याच आवारात असते. साखर कारखाने पिढ्यानपिढ्या स्वतःच्या चिपाडावर बॉयलर चालवत आले ते यामुळेच. उसाच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलं चिपाड निघतं. रस आटवायला लागणारी वाफ आणि कारखान्याची वीज भागून वर वीज उरते. मॉरिशससारख्या देशात ती कित्येक वर्षं सार्वजनिक ग्रिडमध्ये जाते आहे.

जाळायचं, गॅस करायचा की कुजवायचं, हे कसं ठरवायचं?

ओलाव्यावरून. बाकीच्या गोष्टी त्यानंतर येतात.

वाळलेल्या काडात साधारण १५ टक्के पाणी असतं. असं एक किलो काड जाळलं तर सुमारे साडेचौदा मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे चार युनिट. तेच काड पन्नास टक्के ओलं असेल तर किलोमागे साडेसातच मेगाज्यूल हाती लागतात. एक तर निम्मं वजन पाण्याचं, आणि त्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ व्हायला जवळपास २.४ मेगाज्यूल खर्च होतात. ही वाफ धुराड्यातून निघून जाते. त्याहून ओला माल भट्टीत घातला तर आग नीट धरत नाही, धूर वाढतो आणि धुराड्यात काजळी बसते.

म्हणून ढोबळ नियम असा: २० टक्क्यांच्या आतला माल थेट जाळता येतो किंवा त्याचा गॅसिफायरमध्ये गॅस करता येतो. चिपाडासारखा ५० टक्क्यांपर्यंत ओला माल जाळता येतो, पण भट्टी त्याच्यासाठीच बांधलेली हवी. त्यापुढचं सगळं, म्हणजे शेण, चोथा, पातळ मळ, बायोगॅसच्या टाकीत. ओला माल यंत्राने वाळवून मग जाळू म्हणणाऱ्यांनी आधी वाळवण्याच्या उष्णतेचा हिशेब करावा. ती उष्णता दुसऱ्या कशातून फुकट वाया जात असेल, तरच हे गणित सुटतं.

ओलावा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ माल घ्या, मिसळा, त्यातला १०० ग्रॅम वजन करून १०५ अंशांच्या भट्टीत ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. जितके ग्रॅम कमी झाले, तितके टक्के ओलावा. वरवरचा माल नेहमी कोरडा असतो. फक्त तोच मोजला तर आकडा गोड येतो आणि बॉयलर सुरू झाल्यावर खरं कळतं.

शेतात जाळलं काय आणि बॉयलरमध्ये जाळलं काय, धूर तर दोन्हीकडे होणारच ना?

होतो, पण त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शेतातली आग अर्धवट जळते. हवा कमी, तापमान कमी, माल दमट. त्यामुळे बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले वायू थेट श्वासाच्या उंचीवर पसरतात. बॉयलरमध्ये हवा मोजून दिली जाते, ज्वाळेला वरच्या भागात दुसऱ्यांदा हवा मिळते आणि धूर बाहेर पडण्याआधी कापडी पिशव्यांच्या किंवा विजेच्या गाळणीतून जातो. ही गाळणी नसलेला काडाचा बॉयलर गावाजवळ बसवू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९३ पासून काड शेतात जाळायला बंदी आली. त्यानंतर २००० च्या सुमारास तिथल्या ईली इथे ३८ मेगावॉटचं, काडावर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं.

एका टनापासून वीज किती मिळते?

चांगल्या मध्यम आकाराच्या वाफेच्या केंद्रात कोरड्या मालाच्या एका टनातून हजार युनिटच्या आसपास. छोट्या केंद्रात सातशे-आठशे धरा.

मेगावॉटच्या भाषेत सांगायचं तर १ मेगावॉटचं केंद्र वर्षात ७,००० तास चाललं तर ७० लाख युनिट होतात. युनिटमागे १.२ किलो माल धरला तर ८,४०० टन लागले. हेक्टरी दोन टन उचलता येत असतील तर ४,२०० हेक्टरांचं काड झालं. आणि हा माल येतो कापणीच्या काही आठवड्यांत, लागतो बारा महिने.

मग उष्णता विकावी की वीज?

या प्रश्नाचं उत्तर आधी शोधावं आणि यंत्र मागाहून. बहुतेकांचं उलटं होतं, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच सुरू होतात.

काडातली ऊर्जा १०० धरली तर वाफेच्या छोट्या-मध्यम केंद्रात वीज होते २० ते २५. बाकीची बहुतेक उष्णता थंड करणाऱ्या मनोऱ्यातून आणि धुराड्यातून हवेत जाते. हा यंत्र बनवणाऱ्याचा दोष नाही. वाफेचं तापमान आणि दाब जितका जास्त, तितकी वीज जास्त, आणि छोट्या केंद्राला तेवढ्या दाबाचा बॉयलर पेलत नाही. तेच काड नुसत्या गरम पाण्याच्या किंवा कमी दाबाच्या वाफेच्या बॉयलरमध्ये जाळलं तर ८० ते ८५ भाग उष्णता कामाला येते. यंत्र साधं असतं आणि दुरुस्ती गावातला फिटरही करू शकतो.

म्हणून जवळपास वर्षभर उष्णता लागणारं कोणी आहे का, हे आधी पाहा: दूध प्रक्रिया, धान्य वाळवणं, कापड रंगवणं, हरितगृह, विटा वाळवणं, थंड प्रदेशात घरं गरम ठेवणं. ही मंडळी आज कोळसा, डिझेल किंवा गॅस जाळत असतील तर तुमचं काड त्या इंधनाची जागा घेतं. उष्णतेची मागणी मोठी आणि सलग असेल तर दोन्ही एकत्र करता येतं. वाफ आधी टर्बाइनमधून जाते, वीज करते, आणि बाहेर पडताना उरलेल्या उष्णतेसह कामाच्या जागी पोचते. अशा एकत्रित केंद्रात १०० पैकी ८० किंवा जास्त भाग वापरात येतो. डेन्मार्कने १९८० च्या दशकात काडावर हेच केलं. गावांना गरम पाणी पुरवणारं नळांचं जाळं तिथे आधीपासून होतं, म्हणजे उष्णतेचं गिऱ्हाईक तयार होतं. काड जाळून वीज करणं त्याला जोडलं गेलं.

उष्णता लांब नेता येत नाही, ही मोठी मर्यादा. त्यामुळे केंद्र उष्णता लागते तिथे उभारायचं आणि काड तिथवर आणायचं. काडाच्या ढिगाशेजारी केंद्र उभारून मग गिऱ्हाईक शोधायला निघालात तर वीज विकण्याशिवाय पर्याय उरत नाही.

थंडावा हवा असेल तर? शीतगृहासाठी?

गरम पाणी किंवा वाफेवर चालणारी शोषण पद्धतीची शीतयंत्रं असतात. ती कॉम्प्रेसरच्या यंत्रापेक्षा उष्णता बरीच जास्त खातात, पण ती उष्णता नाहीतरी वाया जाणार असेल तर उत्तम सोय आहे.

गॅसिफायर म्हणजे काय? तो छोट्या गावाला वीज देऊ शकतो का?

मालाला पुरेशी हवा न देता तापवलं की तो पूर्ण जळत नाही, त्याचा जळाऊ वायू होतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळून तीस-चाळीस टक्के असतात, निम्म्याच्या आसपास हवेतून आलेला नायट्रोजन. घनमीटरमागे जेमतेम पाच मेगाज्यूल, म्हणजे पातळ गॅस. तरी इंजिन त्यावर चालतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या अशाच गॅसवर धावल्या. बिहारमध्ये २००७ पासून तांदळाच्या तुसाचे छोटे गॅसिफायर लावून खेड्यांना संध्याकाळची वीज पुरवली गेली.

अडचण एकच, पण चिवट: डांबर. गॅस थंड होताना त्यातून काळं, चिकट डांबर बाहेर पडतं आणि इंजिनाच्या झडपांवर, नळ्यांत जमतं. इंजिन सुखरूप राहायचं तर घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत डांबर हवं. पाण्याने धुऊन ते निघतं, पण मग ते घाण पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उभा राहतो. ते नाल्यात सोडलं तर धुराचा त्रास पाण्यात गेला इतकंच. गॅसिफायर बसवायचाच असेल तर मालाचा आकार एकसारखा ठेवा, ओलावा १५ टक्क्यांच्या आत ठेवा आणि रोज साफसफाई करणारा माणूस नेमा. नुसती उष्णता हवी असेल तर गॅस थंड न करता गरमच जाळावा. डांबर ज्वाळेत जळून जातं आणि ही सगळी कटकट मिटते.

बायोगॅसमध्ये शेणाबरोबर काड घातलं तर चालतं का?

चालतं, आणि योग्य प्रमाणात घातलं तर गॅस वाढतोही. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २० ते ३० ला १ या प्रमाणात लागतात. शेण त्या पट्ट्यात बसतं. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० च्या वर जातं, कोंबडीच्या विष्ठेत १० च्या आसपास असतं. म्हणून काड आणि विष्ठा एकमेकांची उणीव भरून काढतात. नुसत्या विष्ठेवर टाकी चालवली तर अमोनिया साठून जिवाणू मंदावतात.

काड मात्र बारीक चिरून आणि आधी भिजवून घालावं. अख्खं घातलं तर ते तरंगून वर जाड साय धरतं आणि गॅस खालीच अडकतो. लिग्निन या चिवट घटकामुळे काड हळू कुजतं, त्यामुळे त्याला शेणापेक्षा जास्त दिवस टाकीत राहू द्यावं लागतं.

गॅस किती? ताज्या शेणाच्या २५ किलोतून साधारण एक घनमीटर. त्यात ५० ते ६५ टक्के मिथेन, म्हणजे सहा युनिट उष्णता, किंवा इंजिनाला जोडलं तर दोन युनिटच्या आत वीज. दोन-चार गुरांच्या गोठ्याने विजेच्या मागे लागू नये. चुलीला आणि पाणी तापवायला गॅस वापरला तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. मोठ्या केंद्रात इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातली उष्णता टाकी ३५ ते ४० अंशांवर ठेवायला वापरतात, आणि थंडीच्या दिवसांत गॅस पडत नाही ही तक्रार तिथे राहत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. गॅस अचानक कमी झाला, ज्वाळा धरेना आणि स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ मळाला, आंबूस वास यायला लागला, तर टाकी आंबट झाली आहे. अशा वेळी जास्त माल घालून गॅस वाढवायला जाऊ नका. माल घालणं थांबवा, चांगल्या चालणाऱ्या टाकीतली थोडी स्लरी आणून मिसळा आणि काही दिवस वाट पाहा.

आमच्या बॉयलरमध्ये काचेसारखे दगड तयार होतात. हे काय आहे?

ते क्लिंकर. हातात घेतला तर हिरवट-काळा, भोकाभोकांचा, फोडल्यावर कडेला काचेसारखा चमकणारा. ही वितळून पुन्हा गोठलेली राख आहे.

लाकडाची राख सहसा १,२०० अंशांच्या पुढे वितळते. काडाची राख ८०० ते ९०० अंशांनाच मऊ व्हायला लागते. कारण पोटॅशियम. पीक जमिनीतून पोटॅश घेतं आणि ते देठात-पानांत साठतं. भट्टीत ते सिलिकाबरोबर मिळून काच तयार करतं, मग जाळीची भोकं बुजतात, हवा खालून येईनाशी होते आणि आग एका बाजूला सरकते. सोबतीला क्लोरीन असतो. पोटॅशियम क्लोराइडची वाफ वरच्या नळ्यांवर जाऊन बसते आणि पोलाद हळूहळू खाते. कोळशाचा बॉयलर थोडे फेरफार करून थेट काडावर घेतला की पहिल्या वर्षी सगळं ठीक चालतं, आणि मग नळ्या गळायला लागतात, ते यामुळे.

उपाय आहेत. सगळ्यात स्वस्त उपाय पाऊस. कापलेलं काड लगेच न उचलता एक-दोन चांगल्या सरी खाऊ दिल्या की पोटॅश आणि क्लोरीनचा मोठा भाग धुऊन जमिनीत जातो, आणि मग ते पुन्हा वाळल्यावर गाठी बांधतात. डेन्मार्कमध्ये ताज्या काडाला पिवळं आणि असं धुतलेल्याला करडं म्हणतात, आणि बॉयलरवाले करडं काड पसंत करतात. पोटॅश जमिनीतच राहतं, तो शेतकऱ्याचाही फायदा. याशिवाय हलती किंवा पाण्याने थंड ठेवलेली जाळी वापरता येते, वाफेचं तापमान आवरतं घेता येतं, लाकडाच्या भुशाबरोबर मिश्रण करता येतं.

तुसाचं दुखणं वेगळं आहे. त्यात राखच १८ ते २० टक्के असते, आणि त्यातला बहुतांश सिलिका. ही राख क्लिंकर कमी धरते, पण वाळूसारखी घासते. पंख्याची पाती आणि नळ्यांची वळणं झिजतात, तिथे जाड पत्रा लावावा.

साठवण कशी करावी?

मोकळं काड घनमीटरमागे जेमतेम ५० किलो भरतं. बेलरने घट्ट गाठी बांधल्या की १२० ते १५० किलो, दळून-दाबून पेलेट, म्हणजे छोट्या घट्ट कांड्या, केले तर ६०० च्या वर. वरच्या हिशेबातले ८,४०० टन मोकळे ठेवायचे तर १,६८,००० घनमीटर जागा हवी. गाठींना त्याच्या साधारण तिसरा हिस्सा पुरतो.

दमट गाठी आतून स्वतः तापतात. आधी सूक्ष्मजीव, मग रासायनिक क्रिया, आणि शेवटी पेटही घेतात. २० टक्क्यांपेक्षा ओली गाठ थप्पीत जाऊ देऊ नका. थप्प्या छोट्या ठेवा, दोन थप्प्यांत आगीचा बंब जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, खाली फळ्या किंवा जाड कचरा अंथरा म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. लांब दांड्याचा तापमापक आठवड्यातून एकदा आत खुपसून पाहा. ६० अंशांच्या वर काटा गेला तर रोज मोजायला लागा. आणखी चढतच राहिला तर आधी पाणी आणि माणसं तयार ठेवूनच थप्पी उकला, कारण आतल्या तापलेल्या काडाला हवा लागताच भडका उडू शकतो.

पेलेट करावेत का?

माल लांब न्यायचा असेल किंवा आपोआप भरणारा छोटा बॉयलर असेल, तर करावेत. शेजारच्याच मोठ्या बॉयलरसाठी करू नयेत. दळायला आणि दाबायला वीज लागते, साचे झिजतात, आणि गाठीनेही तेच काम होतं.

सगळं काड उचललं तर जमिनीचं काय?

सगळं उचलू नये. भाताच्या एक टन पेंढ्यात ५ ते ८ किलो नायट्रोजन, सुमारे एक किलो स्फुरद आणि १२ ते १७ किलो पोटॅश असतं. ते शेताबाहेर गेलं तर परत आणावं लागेल. त्याहून मोठी चिंता सेंद्रिय कर्बाची. काड कुजून जमिनीत जो कर्ब टिकतो, त्यावर तिची पाणी धरण्याची ताकद अवलंबून असते, आणि तो कोणत्याही गोणीतून विकत मिळत नाही.

किती ठेवायचं याला एक आकडा नाही. उताराची, हलकी, कोरडवाहू जमीन असेल तर जवळपास सगळं जागेवर आच्छादन म्हणून राहू द्यावं, ऊर्जेचा विचारच करू नये. सपाट, भारी, वर्षाला दोन-तीन पिकं देणाऱ्या जमिनीत पेंढा कुजायला वेळ मिळत नाही. तिथून बराचसा उचलता येतो. धसकटं आणि मुळं कायम राहू द्यावीत. आणि गुरांच्या वैरणीवर हात घालून बॉयलर चालवू नये. वैरण तुटली तर प्रकल्प गावाला नकोसा होतो, आणि गावाचं चुकत नाही.

बायोगॅसचा मार्ग या बाबतीत उजवा आहे. कार्बनचा एक भाग गॅस होऊन जातो, पण नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत जसंच्या तसं राहतं. नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपात असल्याने पिकाला लवकर लागू पडतो. त्याच कारणाने तो हवेतही लवकर उडतो, म्हणून स्लरी उन्हात पसरून ठेवू नये, मातीत मिसळावी. बॉयलरच्या राखेत पोटॅश आणि स्फुरद परत मिळतं, नत्र धुराबरोबर गेलेलं असतं. धुराड्याच्या गाळणीतली बारीक राख मात्र वेगळी ठेवा. जड धातू तिच्यात साठतात, ती तपासल्याशिवाय शेतात घालू नये.

याला खरंच प्रदूषणमुक्त म्हणता येईल का?

काड जळताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. त्या अर्थाने हिशेब बरोबर बसतो. पण ट्रॅक्टरचं डिझेल, वाहतूक, जमिनीतला घटलेला कर्ब हे त्यातून वजा करायला हवं. बायोगॅसमध्ये गळती हा कळीचा मुद्दा. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट जास्त तापवतो. गॅस साठवणाऱ्या फुग्याला भोक, उघडी स्लरीची टाकी, न जळता सोडलेला गॅस यांनी सगळा फायदा धुऊन निघू शकतो. उघड्या खड्ड्यात सडणारं शेण बंद टाकीत घेतलं तर तिथून सुटणारा मिथेन थांबतो, हा दुहेरी लाभ.

जिवाला धोका कुठे असतो?

गॅसिफायरच्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो. बंद खोलीत गॅसिफायर ठेवू नका, आणि इशारा देणारं यंत्र बसवा. बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणून गॅस गेला असं समजू नये. रिकाम्या केलेल्या टाकीतही कोणी एकट्याने उतरू नये. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघंही जातात, असे अपघात जगभर झाले आहेत. आधी हवा खेळवा, यंत्राने मोजा, कमरेला दोर बांधा, आणि वर दोघांना उभं ठेवा.

यंत्र विकणाऱ्याला काय विचारावं?

आमच्याच मालाचा नमुना घेऊन ओलावा, राख, राखेचा वितळबिंदू आणि क्लोरीन तपासून देणार का? लेखी दिलेली वीज कुठल्या ओलाव्याच्या मालावर धरली आहे? केंद्राचे पंखे, पंप, माल ओढणारे पट्टे स्वतः किती वीज खातात, आणि सांगितलेल्या आकड्यातून ती वजा केली आहे का? झिजणारे भाग कोण, किती दिवसांत पुरवणार?

आणि याच मालावर निदान तीन वर्षं चाललेलं एखादं केंद्र दाखवायला सांगा. लाकडाच्या भुशावर चालणारं केंद्र दाखवलं तर त्यावरून काडाचं काही ठरवू नका. गेल्यावर मालकाशी बोलणं होईलच, पण रात्रपाळीच्या बॉयलरवाल्याशीही बोला. जाळी किती वेळा साफ करावी लागते आणि गेल्या पावसाळ्यात केंद्र किती दिवस बंद होतं, हे त्याला पाठ असतं.